जुनी ब्रनो, कुंभारणीचं घर आणि येऊरचा नाद: वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात याच सदरात ५० मीटर रायफलवर लिहिलं होतं, पॅरिस २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ काढलं आणि त्याआधी २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंतने प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड, आणि या दोघांच्या हातात जे काडतूस होतं तेच पॉइंट टू टू आपल्याकडच्या जुन्या घरातल्या रायफलीत पण बसतं, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर इतके मेल आले की कळलं, ठाण्या-बेलापूरच्या पट्ट्यात कुणाकुणाच्या कपाटात वडलांची, मामांची एक तरी .२२ पडून आहे. त्यातले काही प्रश्न घेतोय.

प्रश्न: बाबांची ब्रनो मॉडेल टू आहे, साठच्या दशकात घेतलेली. बाबा गेले तेव्हा भावाने लगेच डीलरकडे जमा केली होती, आता वारस म्हणून माझ्या नावावर परवाना झाला आणि रायफल घरी आली. लेदरच्या कव्हरमध्ये होती. नळीवर तपकिरी डाग, दस्त्यावर ओरखडे आणि दोन खड्डे, बोल्ट जड चालतो. पॉलिश पेपर मारून, नवीन ब्लूइंग करून एकदम नव्यासारखी करायची इच्छा आहे. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, पाचपाखाडी)

ताई, आधी तो पॉलिश पेपर परत ड्रॉवरमध्ये ठेवा. खरंच. मी गेल्या वीसेक वर्षांत जेवढ्या जुन्या रायफली वाया गेलेल्या बघितल्या त्यातल्या निम्म्या तरी गंजाने नाही, प्रेमाने वाया गेल्यात. माणूस आठवड्याभराची सुट्टी घेतो, पेपर मारतो, कोपरे गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, मग वरून काळंकुट्ट ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा तो निळा-काळा थर, करतो आणि ती रायफल नवरीच्या मेकअपमधल्या आजीसारखी दिसायला लागते. आणि अक्षरांचं फक्त दिसण्यापुरतं नाहीये हं, नंबर आणि ओळखखुणा पुसलेलं हत्यार हा आर्म्स अॅक्टमध्ये सरळ गुन्हा आहे, घासता घासता नंबर गेला तर "मी पॉलिश करत होते" हे कुणी ऐकून घेणार नाही.

तुमच्या हातात काय आहे ते आधी सांगतो. ब्रनो हे झेक शहर, तिथली झ्ब्रोयोव्का म्हणजे शस्त्रांचा कारखाना. आपल्या फौजेने वर्षानुवर्षं वापरलेली ब्रेन गन, तिच्या नावातला 'ब्र' याच ब्रनोचा आणि 'एन' इंग्लंडच्या एनफिल्डचा. कौत्स्की बंधूंनी दुसऱ्या महायुद्धानंतर जी छोटी .२२ काढली ती मॉडेल वन, तिची पुढची मॉडेल टू, आणि तीच वंशावळ पुढे सीझेड या झेक कंपनीची ४५२ म्हणून चालत राहिली. याचा व्यवहारातला फायदा असा की तुमचं जुनं मॅगझिन वाकलेलं असेल तर सीझेडचं बहुतेक वेळा बसतं. अॅक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग, पोलादाच्या तुकड्यातून कोरलेली, उगाच पत्रा वाकवून केलेलं काही नाही, म्हणून तर साठ वर्षांनी पण आपण तिच्याबद्दल बोलतोय.

आता काम. मॅगझिन काढा, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, उघडा, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाला बोट लावून बघा रिकामी आहे ना, नुसतं डोळ्याने नाही. मग बोल्ट उघडा ठेवून चाप ओढून धरला की बोल्ट मागे निघून येतो. तो बाहेर ठेवा आणि चेंबरच्या बाजूला मोबाईलचा टॉर्च धरून पुढच्या तोंडातून नळीत बघा. उजेड स्वच्छ गोल दिसला पाहिजे. हसू नका, पण माळ्यावर, बाल्कनीच्या कपाटात पडलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, मी स्वतः एका नळीतून सुपारीएवढा चिखलाचा गोळा आणि आत वाळलेल्या कोळ्यांची रास काढलीये, आणि त्या माणसाला त्याच संध्याकाळी रेंजवर जायचं होतं. अडकलेल्या नळीत गोळी मारली तर नळी फुगते, मग ती रायफल संपली, तुमचं नशीब चांगलं असेल तर फक्त रायफल संपली.

नळी साफ करायची ती नेहमी मागून, चेंबरकडून. पुढून रॉड घातला तर नळीच्या तोंडाची कड घासते आणि गोळी शेवटी त्याच कडेला सोडून जाते, ती एका बाजूने झिजली की ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, पसरला. एक सलग, कोटिंग असलेला रॉड घ्या, तीन तुकड्यांचा स्क्रूवाला नको, त्याचे सांधे नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांवर घासतात. रॉड नसेल तर पुल-थ्रू, म्हणजे दोरीला चिंधी बांधून ओढायचं, ते पण चालतं. आधी सॉल्व्हंट लावलेली चिंधी, दहा मिनिटं थांबा, मग ब्राँझचा ब्रश पाच-सहा वेळा, मग कोऱ्या चिंध्या पांढऱ्या बाहेर येईपर्यंत. चेंबरच्या लगेच पुढे काळी कडक रिंग जमलेली असते, रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या ज्या काडतुसाच्या कडेवर पिन मारते त्यात, हा हमखास प्रकार, ती एका दिवसात निघत नाही, रात्रभर ओलं ठेवून दुसऱ्या दिवशी परत. नळीत खड्डे दिसले तर लगेच रडू नका, आधी मारून बघा, आतून देवीचे व्रण असल्यासारखी दिसणारी नळी ५० मीटरला मुकाट्याने नऊ-दहा देते असं मी बघितलंय. जुन्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे पिन आपटली की ठिणगी देणाऱ्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की मागे मीठच उरतं, आणि मीठ आपल्या खाडीकाठच्या हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून युद्धाच्या आधीच्या इंग्लिश .२२ च्या नळ्या जास्त खाल्लेल्या दिसतात. तुमची नंतरची आहे, तिला बहुतेक ते भोगावं लागलं नसेल.

बोल्ट जड चालतोय त्याचं कारण मी न बघता सांगतो: खोबरेल तेल. नसेल तर जुनं ग्रीस. आपल्याकडे बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला खोबरेल, आणि ते वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन डिंक बनतं, थंडीत तर गोठतंच. बोल्ट टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडा करा आणि बंदुकीच्या तेलाचा नुसता पुसटसा हात. तो निळा-पिवळा स्प्रे असतो ना सगळ्यांकडे, तो पाणी घालवायला ठीक आहे पण तेच तेल समजून बोल्टच्या आत मारून ठेवू नका, तो सुकून परत चिकटच होतो.

बाहेरचे तपकिरी डाग काढायला झिरो-झिरो-झिरो-झिरो नंबरची स्टील वूल, तेलात भिजवलेली, आणि अंगठ्याचा हलका दाब. लाल गंज निघेल, खालचं जुनं ब्लूइंग राहील, थोडं करडं झालेलं असेल तर असू दे, तुमच्या बाबांचा हात जिथे लागायचा तिथेच ते उडालेलं असणार, जरा नीट बघा. नवीन ब्लूइंग करूच नका असं माझं मत, फार खड्डे असतील तरच, आणि तेव्हाही परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडूनच. साफसफाई तुमची, दुरुस्ती त्याची, ही रेघ पक्की ठेवा कारण दुरुस्तीला कायद्याने वेगळा परवाना लागतो. चाप हलका करायला आत कानस घालणारे महाभाग पण आहेत, त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं नाही. पहिल्यांदा फायर करायच्या आधी मात्र त्याच्याकडून एकदा फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) आणि बोल्ट नीट बंद होतोय की नाही हे तपासून घ्या, आणि रेंजवर पहिल्या दहा रिकाम्या केस, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेल्या पितळी टोप्या, उचलून बघा, कड फुगलेली किंवा चिरलेली दिसली तर तिथेच थांबायचं.

दस्त्याचे स्क्रू काढताना खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर, नाहीतर स्क्रूचं तोंड चावलं जातं आणि पुढचा प्रत्येक बघणारा तेच बघतो. हे दस्ते काही बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे, काही अक्रोडाचे. ओरखडे राहू द्या. दबलेले दोन खड्डे मात्र वर येतात: ओला सुती रुमाल खड्ड्यावर, वरून गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद, वाफेने लाकूड फुगतं, परत परत करा. लाकडाचे तंतू तुटलेले असतील तर येणार नाही, मग सोडून द्या. नंतर जवसाचं तेल, अगदी पातळ, हाताच्या तळव्याने चोळून, जास्तीचं पुसून, एक हात सुकल्याशिवाय दुसरा नाही. आणि हे पावसाळ्यात करू नका, जुलैमध्ये ठाण्यात आपले टॉवेल सुकत नाहीत तिथे जवसाचं तेल काय सुकणार, दिवाळीनंतर करा. एक महत्त्वाचं, जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून डस्टबिनमध्ये टाकू नका, त्या सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, खरंच पेटतात, बाल्कनीत एकेक मोकळी पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

आणि ते लेदरचं कव्हर. तेच खरं व्हिलन आहे. चामडं कमावताना वापरलेलं रसायन आणि आत धरलेली ओल, दोन्ही लोखंडाला खातात. रेंजवर न्यायला वापरा, ठेवायला नको. कुलपाच्या स्टील कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांबरोबर, आणि शक्यतो नळीचं तोंड खाली करून उभी, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. जेल महिन्याभराने ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं.

प्रश्न: मामांची जर्मन .२२ माळ्यावर सापडली. मामा जाऊन तीन वर्षं झाली. लायसनचं पुस्तक आहे पण मुदत संपलेली. साफ करून ठेवू का आधी? (खारघर)

नाही. हात लावू नका, गाडीत टाकून कुठे नेऊ पण नका. परवानाधारक गेल्यावर हत्यार विनाकारण उशीर न करता पोलीस स्टेशनला किंवा परवाना असलेल्या डीलरकडे जमा करायचं असतं, तीन वर्षं म्हणजे उशीर झालेलाच आहे, तेव्हा एखाद्या वकिलाशी बोला, ते लायसनचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन पोलीस स्टेशनला स्वतःहून सांगा आणि ते म्हणतील तसं हत्यार जमा करा. स्वतःहून गेलेला माणूस आणि सापडलेला माणूस यात फरक असतो. जमा झाल्यावर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत, ठाण्याचं वेगळं, नवी मुंबईचं वेगळं, तुमचं नवी मुंबई. बाकीच्या वारसांची ना हरकत लागेल, म्हणजे मावशीशी भांडण असेल तर ते आधी मिटवा. तुम्ही भाचे, मामांना मुलं असतील तर पहिला हक्क त्यांचा हे पण लक्षात घ्या.

इतरांसाठी यातच सांगून टाकतो: २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने हत्यार २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच वारसाचं नाव देऊन परवाना त्याच्याकडे वळवता येतो. घरात सत्तरी ओलांडलेले काका असतील आणि त्यांची रायफल असेल तर हा विषय गणपतीत सगळे जमले की काढा, अवघड वाटतं पण काढा.

प्रश्न: परवाना आहे, रायफल रिस्टोर झाली. येऊरला पहाटे जाऊन बाटल्यांवर टार्गेट मारलं तर चालेल ना? कुणाला त्रास नाही. (घोडबंदर रोड)

दादा, येऊर म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क. आत बिबटे आहेत, पाडे आहेत, फॉरेस्टवाले आहेत आणि पहाटे आख्खं ठाणं तिथे वॉकला असतं. पॉइंट टू टू छोटी वाटते पण सुटलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि दगडावरून, पाण्यावरून उडून कुठेही वळते. नाही चालणार, गावच्या शेतावर पण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी आपले आजोबा सशा-तितरांच्या मागे जायचे ते दिवस गेले. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्याला बालेवाडी आहे, मेंबरशिपचे नियम विचारा. मुलांना आधी गोडी लावायची असेल तर पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्समध्ये सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, सुरुवात १० मीटर एअर रायफलने करा, ती बेस्ट.

प्रश्न: घरी रिकामी रायफल चाप ओढून प्रॅक्टिस केली तर खराब होते असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो काही होत नाही. (कळवा)

पहिला बरोबर. रिमफायर म्हणजे तो ठिणगी देणारा मसाला केसच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून पिन मध्यावर नाही, कडेवर मारते. केस नसेल तर काही जुन्या रायफलींत तीच पिन थेट चेंबरच्या काठावर जाऊन बसते, हळूहळू तिथे खाच पडते आणि मग केस अडकायला लागते. नव्या रायफलींत बरेचदा पिन तेवढी पुढे येत नाही पण जुनीवर विश्वास ठेवू नका, प्लास्टिकच्या डमी वापरा. आणि काडतुसं त्या खोलीतच नकोत.

प्रश्न: केएफ मारू की इम्पोर्टेडच्या मागे लागू? हाय व्हेलॉसिटी चांगली असते ना? (नेरुळ)

जुन्या रायफलीला हाय व्हेलॉसिटीची काही गरज नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, हाय व्हेलॉसिटीची गोळी त्याच्या वरून निघते आणि वाटेत खाली येते, ती सीमा ओलांडताना जरा डगमगते, स्टँडर्डवाली आधीपासूनच खाली असते म्हणून मॅचवाले सगळे तीच मारतात. केएफ म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी, ग्रुपसाठी कुणी तिची पूजा करत नाही पण सराव तिच्यावरच झाला पिढ्यानपिढ्या, माझा पण. मेणचट गोळी असते म्हणून नळी लवकर मळते एवढंच. एली, आरडब्ल्यूएस, एसके मिळाली तर वेगवेगळ्या ब्रँडच्या पाच-पाच मारून कार्ड जपून ठेवा, प्रत्येक नळीची आवड वेगळी, महाग म्हणजे तिला आवडेलच असं नाही, आमच्यातल्या एकाची जुनी अनशुट्झ ही जर्मन रायफल सगळ्यात स्वस्तवर खूश आहे आणि तो त्यामुळे दुःखी आहे. आणि काडतुसं फक्त तुमच्या परवान्यावर लिहिलेल्या कोट्यातून, "ओळखीच्या शूटरकडून थोडी" हा प्रकार नको, दोघंही अडकता. ब्रँड बदलला किंवा नळी धुतली तर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, नळीत नवीन मेण बसायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न: निवडणुकीत रायफल जमा केली होती, परत मिळाली तेव्हा बोल्टवर गंज. कुणाकडे तक्रार करू? (वाशी)

करून बघा, पण पुढच्या वेळेसाठी माझा उपाय ऐका. आचारसंहिता लागली की तेल जरा सढळ हाताने, नळीत पण, कापडी पिशवी, आत जेलच्या दोन पिशव्या, जमा करताना फोटो आणि पावतीवर नंबरासकट रायफलची अवस्था लिहून घ्या. परत आल्यावर नळीतलं तेल पुसल्याशिवाय फायर करायचं नाही. मी एकदा ते विसरलो होतो, पहिल्या तीन गोळ्या कार्डाच्या बाहेर आणि शेजारच्या लेनमधली दहावीतली मुलगी माझ्याकडे दयेने बघत होती. ५० मीटरच्या कार्डावर दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मा, आणि मला कार्डच सापडत नव्हतं.

प्रश्न: आजोबांच्या ब्रनोवर सिंहाचा छोटा शिक्का आहे, त्याच्या बाजूला एन आणि ५७. मॉडेल ५७ नावाची काही ब्रनो होती का? नेटवर सापडत नाही. (कोपरी)

मॉडेल नाही, ते वर्ष आहे. झेक प्रूफ हाऊसने जास्त दाबाचं काडतूस मारून नळी तपासली आणि पास केली त्याचा तो शिक्का, सिंह त्यांचा, ५७ म्हणजे १९५७. जर्मन रायफलींवर साधारण सत्तरच्या दशकापासून आकड्यांऐवजी अक्षरं येतात, ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक असं करत के म्हणजे नऊ, मधलं 'जे' हे अक्षर सोडायचं, आणि बाजूला हरणाचं शिंग असेल तर ती उल्मला तपासलेली. एचसी दिसलं तर १९७२. खारघरवाल्या वाचकांनी पण बघायला हरकत नाही, पण जमा करून परवाना झाल्यावर.

तुमच्या आजोबांनी ती कोणत्या साली घेतली ते जुन्या लायसनच्या पुस्तकात पहिल्या नोंदीत मिळेल, ते कळवा.